लाल ठिपक्याची टेप

मेकॅनिक : नाही घेत, मावशी. बघा, परत बाहेर काढली.

सासू : परत घाल.

मेकॅनिक : कितीदा घालू? तीच टेप, तेच उत्तर.

सासू : अजून एकदा. दवाखान्यात हे मशीन मी चालवत होते तेव्हा तुला मिसरूडही फुटलं नसेल. त्याची खोड मला ठाऊक आहे. कॅसेट ढकलायची नाही, अंगठ्यानं नुसती पुढं करायची. बाकीची ते आपली आपण ओढून घेतं. तू घालतोस म्हणजे गोदामात पोतं टाकल्यासारखी.

मेकॅनिक : अंगठ्यानंच करतोय. हे बघा. ओढली. फिरतेय आता.

सून : आवाज वेगळा येतोय, आई.

सासू : तू पडून राहा. दिवा कुठला लागला?

मेकॅनिक : पिवळा. आणि ही आली बाहेर.

सासू : पिवळा म्हणजे आतलं डोकं मळलंय. ती निळी कॅसेट घे, साफसफाईची. एकदाच घालायची हं. वरचेवर घातली तर डोकं झिजतं. आमच्या दवाखान्यातल्या इंजिनियरनं सांगितलं होतं मला, आणि सांगून स्वतः विसरला. म्हणून तर टेप बदलायचं काम माझ्या गळ्यात आलं.

मेकॅनिक : हेड मी काल हातानं पुसलंय. त्यात तोंड दिसेल एवढं स्वच्छ आहे. थांबा, ही माझ्या दुकानातली टेप घालतो. हं. घेतली. वाचतेय. दिवा बघा.

सासू : हिरवा.

मेकॅनिक : म्हणजे मशीन ठणठणीत आहे.

सासू : म्हणजे माझ्या टेपा खराब, असं तुझ्या तोंडून यायचंय का?

मेकॅनिक : मी तसं नाही म्हणालो.

सासू : म्हणूही नकोस. ते कपाट उघडून बघ. एक तरी टेप आडवी पडलेली दिसते का? सगळ्या आपापल्या डबीत, उभ्या. कपाटाला लोहचुंबक लावू दिलं नाही, शेजारी स्पीकर ठेवू दिला नाही. पलीकडच्या घरातला टीव्ही भिंतीला लागून होता, तर तो मी त्यांना दुसऱ्या भिंतीला न्यायला लावला. भांडण झालं, होऊ दे म्हटलं. उन्हाळ्यात मी घामानं निथळायचे आणि पंखा कपाटाकडं वळवलेला असायचा. वर्षातून एकदा एकेक टेप शेवटापर्यंत पळवून परत गुंडाळायची, म्हणजे तिचे वेढे एकमेकांना चिकटत नाहीत. लोक लेकरांचं एवढं करत नाहीत.

सून : यंदा राहिलं ना तेवढं.

सासू : यंदा तुझं दुखणं निघालं. आणि तेवढ्यात मशीनच्या आतल्या चाकाचं रबर पातळ झालं, गुळासारखं. म्हणून तर याच्या दुकानात धाडलं. रबर बदलायला धाडलं होतं, माझ्या टेपांना नावं ठेवायला नाही.

मेकॅनिक : रबर बदललंय. मावशी, रागावू नका, एक विचारतो. एवढं आहे काय या टेपमध्ये? दुकानात तुम्ही नुसतं म्हणालात की जुन्या दवाखान्यातली आहे. जुन्या फायली असतील तर जाऊ दे म्हणायचं. माझ्याकडं लोक येतात, लग्नाचं चित्रीकरण गेलं म्हणून रडतात, आठ दिवसांनी विसरतात.

सासू : ऐकलंस? जाऊ दे म्हणायचं.

सून : दादा, ती टेप माझी आहे.

मेकॅनिक : तुमची म्हणजे?

सून : मला आधी छातीत गाठ झाली होती. तेव्हा आई ज्या दवाखान्यात होत्या तिथंच मला रेडिएशन दिलं. शेक म्हणतात बघा. तो दवाखाना बंद पडला तेव्हा तिथल्या कॉम्प्युटरमधलं सगळं उतरवलेल्या या टेपा आणि हे मशीन आईंनी घरी आणलं. आता पाठीच्या मणक्यात आलंय. पुन्हा शेक द्यायचा तर नव्या डॉक्टरांना आधीचं चित्र हवंय. कुठून किती दिलं, मणक्यातल्या नसेला त्यातलं किती लागलं. माझ्या कार्डावर नुसता एकूण आकडा आहे.

मेकॅनिक : आणि चित्र नसेल तर?

सून : तर ते गृहीत धरणार की नसेला तेव्हा भरपूर लागलंय. मग आता थोडाच शेक देणार, दुखणं कमी होईल एवढा. पूर्ण दिला आणि नस आधीच भाजलेली निघाली, तर त्यांच्या हातून पाय जायचे. थोडा दिला तर गाठीमुळं जायचे. चित्र मिळालं तर पूर्ण देता येतो का ते बघतील. उद्या सकाळी ठरवणार आहेत.

मेकॅनिक : पाय म्हणजे, चालणं?

सासू : पाय म्हणजे पाय. आता कळलं का काय आहे टेपमध्ये? तिचे पाय आहेत. घाल.

मेकॅनिक : मावशी, असं रेटत राहण्यात...

सासू : घाल म्हटलं ना.

मेकॅनिक : घातली.

सून : पूर्वी असा आवाज नव्हता येत. आधी किरकिर व्हायची, मग टक् व्हायचं, मग सरळ चालायचं. आई वर्षाचं गुंडाळायला बसल्या की मी याच पलंगावर असायचे. त्या किरकिरीनं मला झोप लागायची.

सासू : तुला झोप कशानंही लागते.

मेकॅनिक : पिवळा. आली बाहेर. मावशी, दुसरी एखादी द्या. अगदी जुनी, कपाटातली पहिली.

सासू : ही घे. पांढरा ठिपका. ही मी काम हातात घेतलं तेव्हाची.

मेकॅनिक : हे ठिपके कसले?

सासू : अक्षर लावायला मला वेळ लागतो. डबीवर इंजिनियर काय खरडायचा ते त्याचं त्यालाच वाचता यायचं नाही. मी माझी खूण केली. पांढरा रंग खिडक्यांचा, निळा दाराचा. लाल ठिपका हिच्या नेलपॉलिशचा आहे. हिचा शेक संपला त्या आठवड्याची टेप मी वेगळी काढली, हिची बाटली उचलली आणि ठिपका दिला.

सून : मला वाटलं होतं बाटली हरवली.

सासू : हरवायला ती काय घर सोडून जाणार होती?

मेकॅनिक : मावशी. ही घेतली.

सासू : घेतली?

मेकॅनिक : वाचतेय. हिरवा. आता मधली द्या एखादी. ही निळी. हं... नाही. पिवळा. त्याच्या पुढची? हीसुद्धा नाही. पांढऱ्या सगळ्या चालतात. निळ्या आणि लाल नाही.

सासू : मग?

मेकॅनिक : पांढऱ्या संपल्या आणि निळ्या सुरू झाल्या, त्याच्या मध्ये काय झालं होतं? मशीन पडलं होतं का कधी?

सासू : माझ्या हातून काही पडत नाही.

मेकॅनिक : तुमच्या हातून म्हणालो नाही मी.

सासू : शेकाची खोली खालच्या मजल्यावर नेली तेव्हा. वॉर्डबॉयनं ढकलगाडीवर सगळं एकावर एक रचलं. मी सांगत होते, याला हातात धरून ने. उंबऱ्याला चाक अडलं आणि हे खाली आलं. त्याला मी असं झापलं की तो पुढं माझ्या वाटेला आला नाही. पण लावून बघितलं तर दिवा हिरवा. किरकिर तेवढी लागली. त्या दिवसापासून मी रोज दिवा बघायचे. एक दिवस चुकला नाही हिरवा लागायचा.

मेकॅनिक : लागणारच. आत एक खुंटी असते, गाइड म्हणतात. टेप तिला टेकून सरकते. पडल्यामुळं ती वाकली. खुंटी तिरकी म्हणून टेप तिरकी सरकायची आणि त्यावर लिहिलेलंही तिरकं. पण परत वाचायलाही तीच खुंटी ना. त्यामुळं स्वतःचं लिहिलेलं त्याला बरोबर कळायचं. दुसऱ्या कुठल्या मशीनला कळलं नसतं.

सासू : कळत होतं ना त्याला? मग आता का कळेना?

मेकॅनिक : आता खुंटी सरळ आहे.

सासू : कोणी केली सरळ?

मेकॅनिक : मी.

सासू : रबर बदलायला दिलं होतं. खुंटीला हात लावायला कोणी सांगितलं तुला?

मेकॅनिक : तुम्ही.

सासू : मी?

मेकॅनिक : फोन केला होता तुम्हाला. म्हटलं, आत गाइड वाकडं दिसतंय. नुसतं रबर बदलून आधी एक टेप वाचून बघू, मग ठरवू. टेप दुकानात पाठवून द्या.

सासू : तुझं दुकान मी पाहिलंय. लोखंडाचा कीस, धूळ, चहाचे पेले. त्या उकिरड्यात माझी टेप?

मेकॅनिक : हेच म्हणालात. टेप दाराबाहेर जाणार नाही म्हणालात.

सासू : बरोबरच म्हणाले.

मेकॅनिक : आणि मग गाइडचं.

सासू : गाइडचं मी काही बोलले नाही.

सून : बोललात, आई.

सासू : तू झोपली होतीस.

सून : नव्हते. तुम्ही म्हणालात, वाकडं काम माझ्या घरात चालत नाही. चांगलं सरळ करून आण, नाहीतर आणूच नकोस. फोन ठेवून मला म्हणालात, आजकालच्या पोरांना अर्धवट कामाची सवय लागलीय.

मेकॅनिक : माझीही चूक आहे. मी हट्ट धरायला हवा होता. टेप कशाची आहे तेही विचारलं नाही. वाकडं दिसलं की हात शिवशिवतात आमचे.

सासू : तुझी चूक आहेच. ती तू मला सांगायची गरज नाही.

सून : आई, पाणी देता?

सासू : घे. हळू. उशी वर घेऊ का? ...ए, तू बसलास काय नुसता? वाकडी कर परत.

मेकॅनिक : किती?

सासू : होती तेवढी.

मेकॅनिक : होती किती, ते मोजलं नाही मी. सरळ करायची होती, वाकडी किती आहे ते कशाला मोजू? आणि ते डोळ्यांना दिसतं तेवढं नसतं हो. केसाएवढ्या फरकाचा खेळ आहे.

सून : दुसरीकडं कुठं नाही का वाचता येणार?

मेकॅनिक : आहेत असली कामं करणारे. त्यांच्याकडं पाठवायची. महिने लागतात.

सून : महिने नाहीत, दादा. आत्ताच सकाळी उठले की कुठली चप्पल कुठल्या पायात गेली ते बघावं लागतं.

सासू : हे मला नाही सांगितलंस.

सून : तुम्ही ओरडला असता.

सासू : ओरडलेच असते. डॉक्टरला मी जाऊन सांगते. शेकाच्या वेळी हिला पलंगावर मी निजवायचे, हात वर मी बांधायचे, दार मी लावायचे. शेकाचं मशीन किती वेळ घुमायचं ते मला पाठ आहे.

सून : सांगितलंत की तुम्ही त्यांना. पुढच्या बाकावर बसलेल्या बाई त्यांच्यापेक्षा तुमचंच ऐकत होत्या.

सासू : मग? काय म्हणाला तो? मावशी, तुमचं सगळं खरं, पण मला माप पाहिजे. शिकलेला आहे, गोड बोलून हाकलतो. मी म्हटलं, हिच्या अंगावर ते गोंदलेले निळे ठिपके आहेत, शेकाच्या वेळी मशीन नेमकं लावायला केलेले. ते बघ. तर म्हणाला, ठिपक्यांवरून कुठं दिलं ते कळेल, आत कुठवर किती गेलं ते ठिपके सांगत नाहीत.

मेकॅनिक : मावशी, एक करून बघता येईल. खुंटीचा पेच थोडाथोडा फिरवत जायचा आणि प्रत्येक वेळी टेप घालून बघायची. कुठंतरी जुळेल. पण लाल नाही घालायची. दुसरी निळी द्या, जी गेली तरी चालेल.

सासू : जी गेली तरी चालेल अशी माझ्याकडं एकही नाही.

मेकॅनिक : गाइड तिरकं असलं की टेपची कड घासते. एखादी खराब होऊ शकते, म्हणून म्हणतोय.

सासू : ही बघ. यात तो बस चालवणारा आहे, घशाचं झालं होतं. आवाज गेला तरी हातानं हॉर्न वाजवून दाखवायचा, आख्खी रांग हसायची. यातच ती शाळेतली बाई. शेकाला येताना मुलांच्या वह्या घेऊन यायची तपासायला. याच्यापुढची घे, तर त्यात ते म्हातारे नवराबायको, दोघांनाही एकदमच. सांग, यातलं कोण गेलं तरी चालेल?

मेकॅनिक : आहेत का ते लोक?

सासू : बसवाला गेला. शाळेतली बाई दवाखान्यातच गेली, मीच हात धुतले तिचे. म्हातारी आहे म्हणतात. बघितली नाही.

सून : बसवाल्याची द्या.

सासू : तू सांगू नकोस.

सून : मी सांगते. द्या. ते असते तर त्यांनी हॉर्न वाजवून दिली असती.

सासू : घे रे. ही घे. आणि हात धू आधी. तिथं मोरीत साबण आहे. कोपरापर्यंत.

मेकॅनिक : धुतो.

सून : आई, तुम्ही थोडं बसा.

सासू : बसले की पाठ धरते. तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता का?

सून : कशाला येईल?

सासू : आला तर मला दे. एक वाक्य राहिलंय माझं. गाठ निघाल्यावर म्हणे, मला असलं बघवत नाही. असा गेला निघून. माझ्या पोटचा, आणि मला त्याचं तोंड बघवत नाही. मी रोज लोकांची ओकारी उचलत होते, मला सगळं बघवतं.

सून : तुम्ही मला का ठेवून घेतलंत, ते कधी सांगितलं नाही.

सासू : सांगायचं काय त्यात? माणूस आजारी होतं. घरात पलंग होता.

मेकॅनिक : धुतले. आता मी पाव फेरा फिरवतो. टेप घालतो. ऐका तुम्ही दोघी. किरकिर आली की सांगा.

सासू : नाही. हा नुसता घूं घूं आवाज.

मेकॅनिक : पिवळा. अजून थोडं.

सून : नाही.

मेकॅनिक : आता?

सासू : जरा जास्तच घासतोय. पूर्वी हा असा ओरडत नव्हता.

मेकॅनिक : पुढं गेलो. थोडं मागं घेतो. आता बघा.

सून : ही. हीच किरकिर. आई, ही ना?

सासू : गप्प राहा. टक् होऊ दे.

मेकॅनिक : झालं.

सासू : दिवा?

मेकॅनिक : हिरवा. मावशी, हिरवा. माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बघा, नावं येतायत. सगळी यादी येतेय. हे चित्र उघडतो. हे काय आहे?

सासू : तो. बसवाला. ही त्याची मान. इथं गोल काढलंय तिथं शेक होता. केवढा धिप्पाड होता, आणि इथं बघ, नुसत्या रेघा.

मेकॅनिक : शेवटापर्यंत जाऊ दे. एकही अडलं नाही. आली बाहेर. कडही नीट आहे. द्या आता लाल.

सासू : देते. थांब. खोलीतली हवा तिला थोडी लागू दे.

सून : ती सकाळपासून टेबलावरच आहे, आई.

सासू : अंगठ्यानं.

मेकॅनिक : अंगठ्यानं.

(मशीन किरकिरतं, टक् वाजतं आणि टेप फिरू लागते.)

सून : माझं नाव आलं.

मेकॅनिक : आलं. तुमच्या नावाचीच फाइल आहे. उघडतोय. तुमची छाती दिसतेय बघा, हाडं दिसतायत.

सासू : तीच आहे. त्या डाव्या बरगडीला बाक आहे बघ तिच्या, लहानपणी झाडावरून पडली होती. तीच.

मेकॅनिक : आता आतली चित्रं येतील, एकेक थराची. ही आली. दुसरी आली. मणका इथं दिसायला लागेल पुढच्या...

सून : थांबलं.

मेकॅनिक : थांबलं नाही, परत परत तिथंच वाचायचा प्रयत्न करतंय.

सासू : करू दे. घाई करू नकोस त्याला.

मेकॅनिक : नाही, मावशी, मी थांबवतो. ओढ बसतेय तिच्यावर. आवाज ऐका.

सासू : थांबव. थांबव लगेच.

मेकॅनिक : काढली. उजेडात धरू द्या जरा. कॅसेटची झडप उघडतो, बोट लावत नाही. हे बघा.

सासू : मला दिसत नाही एवढं. सांग.

मेकॅनिक : कड दुमडलीय. सुरुवातीलाच, हातभर. चुरगळल्यासारखी झालीय.

सासू : बसवाल्याची झाली नाही.

मेकॅनिक : ती चारपाचदाच गेली आत, तीही खुंटी तिरकी होत असताना. ही आपण सकाळपासून घालतोय. गाइड सरळ आणि टेपला वळण तिरक्याचं. प्रत्येक वेळी तिथंच धडकत होती.

सासू : आपण म्हणू नकोस. मी घालायला लावत होते.

मेकॅनिक : मी घालत होतो.

सून : तेवढा भाग सोडून पुढचं नाही का वाचता येणार?

मेकॅनिक : पुढचं येईल. पुढं दुसऱ्यांची नावं आहेत. तुमची फाइल बरोबर या हातभरात बसलीय.

सून : पाठवली तर? महिने लागले तरी?

मेकॅनिक : दुमडलं तिथलं पुसलं गेलंय, ताई. ते कोणालाच नाही यायचं.

सासू : इस्त्रीनं, हलक्या हातानं...

मेकॅनिक : नाही, मावशी.

सासू : मी नुसतं विचारलं.

सून : जी दोन चित्रं आली ती द्या, दादा. डॉक्टरांना दाखवते.

मेकॅनिक : वरवरची आहेत ती. मणका नाही आलेला त्यात.

सून : तरी द्या. उद्या रिकाम्या हातानं जायला नको.

मेकॅनिक : देतो काढून. ...मावशी, मी निघताना गाइड परत सरळ करून जाऊ का? मशीन तसं चांगलं आहे.

सासू : हात लावू नकोस.

मेकॅनिक : वाकडं राहिलं तर नवीन टेप...

सासू : नवीन टेप कोण घालतंय? निळ्या सगळ्या याच्या वाकडेपणावर आहेत. त्या म्हातारीला परत काही निघालं, तिची कोणी पोरगी दार वाजवत आली, तर? मी काय सांगू तिला, की सरळ करून ठेवलंय? असंच राहू दे. पेचावर खूण कर काहीतरी, हलला तर कळेल असं.

मेकॅनिक : कशानं करू?

सासू : अगं, तुझं नेलपॉलिश आहे का अजून एखादं?

सून : खणात आहे. वाळलं असेल.

सासू : थेंबभर निघेल. घे रे. बारीक कर, भस्सकन ओतू नकोस.

मेकॅनिक : केली खूण. येतो मी, मावशी. ताई, मी... उद्या काय म्हणाले ते कळवा.

सून : कळवते. दार ओढून घ्या जाताना.

सासू : गेला. चहा पण नाही विचारला मी त्याला.

सून : तुम्ही कधी विचारता?

सासू : आज विचारणार होते. हिरवा लागल्यावर.

सून : आई.

सासू : बोल. काय बोलायचं ते बोल. फोनवरचं काढ परत, ऐकून घेते. एरवी ऐकून घेत नाही, आज घेते.

सून : ते नाही. हात द्या, मला उठायचंय. पाय झोपलाय.

सासू : कुठला?

सून : तुम्हीच दाबून बघा, आई. मला नाही कळत.